‘पण नक्की ना?’ : यादी लागेपर्यंतचे दिवस आणि पंधरा वर्षांची मुलगी

ठाण्यातल्या वर्तकनगरहून एका आईनं विचारलं आहे. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीला ९१ टक्के, शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. निकाल लागल्यापासून दिवसातून तीस-चाळीस वेळा ‘पण नक्की ना?’ असं विचारते. अकरावीची यादी कोणत्या तारखेला लागणार हे ठाऊक असूनही रात्री दोनला उठून पोर्टल उघडते. मागच्या वर्षीचे कट-ऑफ तोंडपाठ आहेत. पसंतीक्रम अजून भरायचा आहे. सायन्स की कॉमर्स ते तूच सांग म्हणते, आणि आईनं सांगितलं की रडते. आईचे प्रश्न तीन : एवढा विचार करणाऱ्या मुलीलाच अनिश्चितता का झेपत नाही, आमच्या संस्कारांत काही चुकलं का, आणि तर्कशुद्ध विचार शिकवणाऱ्या एखाद्या क्लासला घातलं तर उपयोग होईल का.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. क्लासला आत्ता घालू नका. तुमच्या मुलीची विचारशक्ती कमी पडत नाहीये, ती जोरात चालू आहे. फक्त ती कुणाच्या चाकरीला लागली आहे ते बघायला हवं. नौपाड्यात बावीस वर्षं या वयाच्या मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करताना मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट हीच आहे. हुशार मूल अनिश्चितता आपोआप सोसतं असं नाही. ‘काहीही झालं तरी चूक व्हायला नको’ हे ज्याच्या मनात सगळ्यात वर असतं, त्या मुलाची हुशारी जास्त शंका काढते, आणि त्या जास्त पटण्यासारख्याही असतात.

कळव्याचा एक मुलगा माझ्याकडे यायचा (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत). नववीत होता, गणितात वर्गात पहिला. त्यानं एक दोनशे पानी वही आणली होती, तिच्यावर शाईपेनानं ‘जर-तर’ असं लिहिलेलं. एका चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री त्यानं चौदा ओळी लिहिल्या होत्या. लोकल उशिरा आली तर. रिक्षा मिळाली नाही तर. कंपास घरी राहिला तर. शेजारच्या मुलानं माझं बघितलं आणि सरांना वाटलं मीच त्याचं बघतोय तर. एकेका ओळीपुढे बारीक अक्षरात उपाय. तर्काच्या दृष्टीनं बोट ठेवायला जागा नव्हती. मी विचारलं, “यातलं आजवर काय काय घडलं?” तो म्हणाला, “एकही नाही.” आणि मग आवाज खाली आणून, “म्हणून तर लिहितो. लिहिलं की होत नाही.”

या एका वाक्यात सगळी मेख आहे. काळजी केल्यानं संकट टळतं, असा त्याचा मनापासून विश्वास होता. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल ड्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सततच्या काळजीवर जे काम केलं, त्यात ही समजूत एक महत्त्वाचा दुवा म्हणून येते. त्यांच्या गटानं १९९४ मध्ये अनिश्चितता किती असह्य होते हे मोजायला २७ विधानांची एक मोजपट्टी तयार केली. २००७ मध्ये तिची १२ विधानांची छोटी आवृत्ती आली, आणि त्यात दोन वेगळ्या बाजू स्पष्ट दिसल्या. एक, पुढे काय होणार ते आधीच कळायला हवं ही ओढ. दुसरी, कळत नाही तोवर हातपाय गळून जागच्या जागी थिजणं. तुमच्या मुलीत दोन्ही आहेत. रात्री दोनचं पोर्टल ही पहिली बाजू, सायन्स-कॉमर्सवर अडून बसणं ही दुसरी. हे वेगळं ओळखावं लागतं, कारण दोन्हींवर एकच उपाय चालत नाही.

तिचा त्रास खरा आहे, हेही आधी मान्य करू या. २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक प्रयोग झाला. कॉम्प्युटरवर दगड दिसायचे, दगडाखाली साप आहे का याचा अंदाज सांगायचा, साप निघाला की हाताला खराखुरा विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसं त्यामानानं शांत होती. सगळ्यात जास्त ताण आला तो शक्यता निम्मी-निम्मी असताना. जीव टांगणीला लागणं म्हणतो ते हेच, आणि ते अंगात घडतं. म्हणून “एवढं काय त्यात, लागेल कुठेतरी” हे वाक्य मुलांना टोचतं. त्यांना वाटतं, माझ्या पोटात गोळा आलाय आणि हिला तो दिसतच नाही.

आता संस्कारांचं. तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, पण संबंध आहे.

मूल्यं म्हणजे शाळेच्या भिंतीवरचे सुविचार नव्हेत. मूल घरात शिरल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो, जेवताना कुणाचं कौतुक होतं, कुणाच्या पोराचं उदाहरण हळू आवाजात दिलं जातं, यातून मूल्यं उतरतात. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अनेक देशांतल्या माणसांच्या उत्तरांवरून दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली. त्यांनी ती एका वर्तुळात लावली. सुरक्षितता, शिस्त पाळणं आणि परंपरा एका अंगाला, तर स्वतः ठरवणं आणि नवं करून बघण्याची हौस त्यांच्या समोर. पहिल्या गटातली मूल्यं भीतीपासून आणि धोक्यापासून सांभाळतात, दुसऱ्यातली वाढीकडे नेतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक माणसात दोन्ही असतातच. कुठलं वर, कुठलं खाली, एवढाच फरक.

आपल्या घरांत सुरक्षितता वर का आहे हे मला समजतं. वागळे इस्टेट आणि पोखरण रोडवर जिथे कारखान्यांचे भोंगे वाजायचे तिथे आज मॉल आणि टॉवर आहेत. आज पंधरा वर्षांची असलेल्या मुलांच्या आजोबांनी, काहींच्या वडिलांनीही, कंपनी बंद पडल्याची नोटीस फाटकावर वाचलेली आहे. ‘हातात काहीतरी पक्कं हवं’ हे वाक्य त्या घरांत अनुभवातून आलं आहे. त्याला मागासलेपण म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि परंपरा म्हणजे भीती असंही समजू नका. दर सोमवारी कौपिनेश्वराला जाऊन ‘पुढचं महादेव बघेल’ म्हणत शांत झोपणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. न कळण्याचं ओझं त्या आपल्यापेक्षा कितीतरी सहज वागवतात.

म्हणून मी मूल्य कुठल्या गटातलं आहे यावर फार अडत नाही. मी मुलांना एकच गोष्ट विचारते : तुला जे महत्त्वाचं वाटतं, ते तुला आज जगता येतं का, की निकाल लागल्यावरच? ‘मला चांगलं कॉलेज मिळालं पाहिजे’ हे पोर्टलवरच्या यादीत पूर्ण होतं. तोवर मूल अधांतरीच राहणार, दुसरा मार्गच नाही. ‘मला प्राण्यांच्या शरीराचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आहे’ हे आज दुपारी, यादी न लागताही, थोडंसं पूर्ण होऊ शकतं. मैत्रिणीला धरून राहणं, आजीचं औषध वेळेवर देणं, कामात खोटेपणा न करणं, हेही आज जगता येतं. ज्या मुलाजवळ असं आज जगता येण्यासारखं काही असतं त्यालाही धाकधूक होतेच, पण पाय टेकायला जमीन असते.

हे मला २०२१ च्या दहावीच्या मुलांनी शिकवलं. बोर्डाची परीक्षाच रद्द झाली. नववीच्या आणि वर्षभराच्या गुणांवर निकाल लावला, ९९.९५ टक्के मुलं पास झाली. मग अकरावीसाठी सीईटी होणार म्हणून पोरं पुन्हा पुस्तकं काढून बसली, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तीही रद्द केली. त्या उन्हाळ्यात रोज चार-पाच मुलं फोनवर बोलायची. ‘हे मार्क माझे आहेत असं वाटतच नाही,’ असं एक मुलगी म्हणाली होती. सगळ्यांचंच वर्ष सारखं गेलं होतं, पण जी मुलं त्यातून लवकर सावरली त्यांच्याकडे रोजचं स्वतःचं काही होतं. एक मुलगा सोसायटीतल्या क्वारंटाइन झालेल्या घरांना भाजी पोहोचवायचा. एक जण फक्त चित्रं काढायची. त्यांच्यात सगळ्यात हुशार मुलं होती असं अजिबात नाही.

विचारशक्तीबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ‘विचार करता येणं’ या तीन शब्दांत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

मी मुलांना ठाण्याचाच एक प्रश्न घालते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर, सुमारे ४०० पाहुणे. हे सगळ्यांना पाठ असतं. मग विचारते, “त्या दिवशी गाडीत बसायला लोक घाबरले असतील का?” काही मुलं म्हणतात, हे पुस्तकात नाहीये. काही खांदे उडवतात, “कोण घाबरलं असेल, कोण नसेल. ज्याचं त्याचं.” आणि एखादं मूल थांबून म्हणतं, “त्या दिवसांतली पत्रं किंवा वर्तमानपत्रं बघायला मिळाली तर सांगता येईल. आत्ता मला वाटतं थोडे घाबरले असतील, कारण त्यांनी आधी असं काही पाहिलंच नव्हतं.”

डिआना कून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ज्ञानाकडे बघण्याच्या ज्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या अशाच. आधी वाटतं, उत्तर एकच आणि ते कुणाला तरी ठाऊक आहे. मग ते कोसळतं आणि वाटतं, सगळी मतं सारखीच. तिसऱ्या पायरीवर कळतं की खात्री नसतानाही पुरावा तोलून एक मत दुसऱ्यापेक्षा बरं म्हणता येतं, आणि नवं काही समोर आलं तर बदलताही येतं. अनिश्चितता सोसायला लागणारी विचारशक्ती ही तिसरी. पुष्कळ मुलं दुसऱ्या पायरीवर अडकतात, मोठी माणसंही अडकतात. तुमची मुलगी मला पहिली आणि दुसरी यांच्या मध्ये लोंबकळताना दिसते. ‘तूच सांग’ म्हणजे बरोबर उत्तर आईकडे आहे. आईनं सांगितलं की रडू येतं, कारण ते उत्तर आईचं आहे, बरोबर कशावरून? तळ्यात-मळ्यात खेळताना एक पाय उचललेला आणि पुढचा शब्दच ऐकू येत नाहीये, तशी तिची गत आहे.

वक्तृत्वाचंही सांगते, राग मानू नका. स्पर्धेत एक बाजू घेऊन ती ठामपणे मांडायची असते. ‘मला अजून ठरवता आलेलं नाही’ म्हणणाऱ्याला तिथे ढाल मिळत नाही. तिचं कसब मोलाचं आहेच, पण त्यातून तिला खात्रीनं बोलण्याचा सराव झाला, खात्री नसताना शांत राहण्याचा नाही. वादविवाद शिकवणारा आणखी एक क्लास तिला आणखी धारदार शंका देईल, म्हणून नको म्हटलं.

माझ्या खोलीत चित्रांच्या कार्डांचा एक गठ्ठा आहे. पहिल्या कार्डावर कुत्रा, शेवटच्यावर मांजर, मधल्या कार्डांवर एकेक रेघ बदलत जाते. कल्पना एल्से फ्रेंकेल-ब्रुन्सविक यांची, १९४९ च्या त्यांच्या लेखातली. संदिग्धता न सोसणारी माणसं पहिल्या उत्तराला चिकटून राहतात, असं त्यांनी दाखवायचा प्रयत्न केला होता. मी त्यावरून कुणाची परीक्षा घेत नाही. फक्त मधल्या कार्डाशी आलं की मुलाच्या तोंडाकडे बघते. कुणी कपाळाला आठ्या घालून ‘कुत्राच’ म्हणतं. कुणी हसून म्हणतं, “आत्ता दोन्ही आहे.” ते हसणं शिकवता येतं.

या वयाबद्दल एक दिलासा देणारी गोष्टही आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ ते १७ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांना पैशांचे डाव निवडायला दिले होते. शक्यता स्पष्ट माहीत असलेल्या डावात मुलं मोठ्यांपेक्षाही जपून खेळली. पण शक्यताच माहीत नसलेल्या डावात मुलं मोठ्यांपेक्षा जास्त तयार होती. म्हणजे न माहीत असलेल्यात पाऊल टाकायला हे वय मुळात घाबरट नाही. माझ्या मते आपण त्या अज्ञाताला ‘आयुष्याचा टर्निंग पॉइंट’ असं नाव देतो आणि मग मुलाचं पाऊल उचलत नाही.

आता करायचं काय. ‘पण नक्की ना?’ला तुम्ही ‘हो गं, नक्की’ म्हणता, आणि दहा मिनिटं शांतता मिळते. पुढच्या खेपेला तिला पुन्हा तेच लागतं. हे एकदम तोडू नका, तो तिला दुरावा वाटेल. आधी शांत वेळी सांगा की आपण असं असं करून बघणार आहोत. मग तिनं विचारलं की खरं ते सांगा : “मलाही माहीत नाही. बस इथे, आपण दोघी थांबू.” आणि खरंच बसा, शेंगा सोलत बसा हवं तर. पहिले तीन-चार दिवस ती जास्त विचारेल, चिडेलही. तिथे मागे फिरू नका.

पोर्टल यादीच्या दिवशी आणि दिलेल्या वेळीच. उघडण्यापूर्वी तिनं एका कागदावर दोन ओळी लिहायच्या : मला काय होईल असं वाटतं, आणि तसं झालं तर मी काय करीन. नंतर त्याच कागदावर : प्रत्यक्षात काय झालं, मी काय केलं. कळव्याच्या मुलाच्या वहीत आम्ही हाच एक रकाना वाढवला होता. वही बंद कर असं मी त्याला कधीच म्हटलं नाही. दोन महिन्यांनी चौदाच्या पाच ओळी झाल्या, त्याच्या त्यानं.

डब्याचा खेळ घरी करता येईल. स्टीलच्या डब्यात एखादी वस्तू घालून झाकण लावायचं. हलवून, वजन घेऊन, आवाज ऐकून तीन अंदाज करायचे आणि प्रत्येकापुढे किती टक्के खात्री ते लिहायचं. मग डबा ओट्यावर ठेवून द्यायचा, आठवडाभर उघडायचा नाही. माझ्याकडे एका मुलीनं पहिल्या दिवशी झाकणावर तीनदा हात ठेवला. चौथ्या दिवशी तिच्या आईनं कळवलं की तिनं त्याच डब्यावर चहाचा कप ठेवला होता. मला त्या कपाचा आनंद फार झाला होता.

असं लहान-लहान न कळणं मुद्दाम रोजच्या दिवसात आणा. मैत्रिणीला मेसेज एकदाच वाचून पाठवायचा. तलावपाळीला गेल्यावर काय खायचं ते धाकट्या भावानं ठरवायचं.

सायन्स-कॉमर्स तुम्ही ठरवू नका. आपल्याकडे सांगितलं जातं, सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात. माहिती म्हणून ते बरंचसं खरं आहे : सायन्सनंतर कॉमर्सकडे वळता येतं, कॉमर्सवरून इंजिनीअरिंगकडे सहसा नाही. पण केवळ दार उघडं राहावं म्हणून दोन वर्षं फिजिक्स करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांची अनिश्चितता फक्त बारावीपर्यंत पुढे ढकलली गेली. तिला विचारा, कुठल्या विषयाचं पुस्तक परीक्षा नसतानाही उघडावंसं वाटतं? अकरावीच्या दोन्हीकडच्या पुस्तकांतलं एकेक प्रकरण वाचू द्या, शिकणाऱ्या दोन-तीन ताया-दादांशी बोलू द्या. मग शंभरातले किती टक्के खात्री आहे ते विचारा. साठ-सत्तर आली की ठरवायला पुरे, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. शंभरची वाट बघणं म्हणजेच तो आजार. पसंतीक्रमात पहिलं नाव मात्र विचारानं टाका, कारण ते लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर नंतरच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं.

झोप किंवा जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, कड्या-कुलपं तपासणं किंवा हात धुणं असं काही वाढलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचं एकही वाक्य आलं तर त्याच दिवशी. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

यादी लागेल त्या सकाळी पोर्टल तिलाच उघडू द्या. तुम्ही खोलीत असा, पण स्क्रीनकडे बघू नका, ती सांगेल तोवर थांबा. जे लागेल ते लागेल, त्याआधी तिनं लिहिलेला कागद जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी दोघी मिळून मला तो घेऊन भेटा.